रेडिओ-नियंत्रित कसरती मॉडेल विमान

रेडिओ-नियंत्रित कसरती मॉडेल विमान म्हणजे लूप, रोल, स्पिन, उलटे उड्डाण यांसारख्या हवाई कसरतींसाठी बनवलेले आणि जमिनीवरून रेडिओ प्रेषकाने चालवले जाणारे लहान विमान होय. अशा विमानाचा पंखविस्तार साधारणतः ८० सेंटिमीटरपासून २ मीटरपर्यंत असतो, काही मोठ्या प्रतिकृतींत तो याहूनही अधिक असतो. विमानाची निवड आणि त्याला लागणाऱ्या शक्तीची निवड हे दोन प्रश्न वेगळे मानण्याची चूक नवशिक्यांकडून वारंवार होते. वास्तविक विमानाचे वजन, पंखाचे क्षेत्रफळ, प्रोपेलर, मोटर किंवा इंजिन आणि उड्डाणाच्या जागेची हवा या सर्वांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. उत्पादकांनी दिलेले आकडे बहुधा समुद्रसपाटीवरील थंड हवेचे असतात. दख्खनच्या पठारावर ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. या लेखातील उदाहरणे त्यामुळे सांगली व सातारा जिल्ह्यांतील परिस्थिती धरून दिली आहेत.

इतिहास

रेडिओ-नियंत्रित कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियमन फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल (एफएआय) ही संस्था करते. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली आणि ती अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी जिंकली. त्या काळातील रेडिओ संच पृष्ठभाग एकतर पूर्ण वळवत किंवा मुळीच वळवत नसत. हाताच्या हालचालीच्या प्रमाणात पृष्ठभाग वळवणारे संच साठच्या दशकात रूढ झाले आणि कसरतींचे स्वरूपच बदलले. १९६७ चे जगज्जेते फिल क्राफ्ट हे स्वतः अशा संचांचे उत्पादक होते. पुढे अनेक दशके मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिने हीच या विमानांची शक्ती होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी यांनी लहान विमानांत त्यांची जागा जवळजवळ पूर्णपणे घेतली.

भारतात मॉडेल विमानांची ओळख अनेकांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) हवाई शाखेतून होते, कारण तिच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एसएई इंडियाच्या दक्षिण विभागाची एरो डिझाईन चॅलेंज ही स्पर्धाही परिचित आहे. मात्र तिच्यासाठी बनवलेली विमाने भार वाहण्यासाठी असतात. जाड व वक्र छेदाचा पंख आणि मंद वेगात अधिक उचल हे त्यांचे वैशिष्ट्य कसरती विमानाच्या गरजांच्या नेमके उलट आहे. त्या अनुभवावर कसरती विमान आखताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

रचना

शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर असतो, त्याची टोके किंचित वर उचललेली असतात आणि पंखाचा छेद खालून सपाट असतो. हात सोडला तरी असे विमान आपोआप सरळ होते. कसरती विमानात ही स्थिरता मुद्दाम काढून घेतलेली असते. पंख धडाच्या मध्यावर किंवा किंचित खाली, जवळजवळ सरळ रेषेत असतो आणि त्याचा छेद वरून-खालून सारखा असतो. त्यामुळे विमान सुलटे व उलटे सारख्याच वृत्तीने उडते आणि ज्या स्थितीत सोडावे त्याच स्थितीत राहते. वैमानिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, गोंधळ झाल्यास विमान त्याला वाचवायला येत नाही.

नियंत्रणे चार असतात. ऐलेरॉनमुळे विमान आपल्या लांबीच्या अक्षाभोवती फिरते, एलेव्हेटरमुळे नाक वर-खाली होते, रडरमुळे ते डावी-उजवीकडे वळते आणि थ्रॉटलमुळे शक्ती कमी-अधिक होते. शिकाऊ विमानात रडरकडे दुर्लक्ष करूनही काम भागते. कसरती विमानात नाइफ-एज, म्हणजे पंख उभा ठेवून केलेले उड्डाण, संपूर्णपणे रडर आणि धडाच्या बाजूवर तोललेले असते.

गुरुत्वमध्य बहुधा पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतात. पुढे ठेवल्यास विमान आज्ञाधारक पण जड वाटते, मागे नेल्यास चपळ होते आणि फार मागे नेल्यास ते आवरत नाही. पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य या पट्ट्याच्या पुढच्या भागात ठेवणे श्रेयस्कर. तो साधण्यासाठी शिशाचे वजन लावण्यापूर्वी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहावी.

विमानाची निवड

बाजारात ‘कसरती’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या स्वभावांची विमाने मिळतात. क्रीडा-कसरती विमान हे शिकाऊ विमानानंतरचे पहिले पाऊल होय. ते वेगाने उडते, वाऱ्यात टिकते आणि मूलभूत कसरती सहज करते. पॅटर्न विमान एफएआयच्या ‘एफ-थ्री-ए’ या वर्गासाठी असते. त्याची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरच्या मर्यादेत असतो आणि अचूक, भौमितिक उड्डाण हेच त्याचे ध्येय असते. तिसरा प्रकार एक्स्ट्रा ३००, सुखोई-२६, पिट्स यांसारख्या खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृतींचा. चौथ्या, म्हणजे थ्री-डी प्रकारातील विमान अतिशय हलके असते. त्याचे नियंत्रण-पृष्ठभाग अवाढव्य असतात आणि ते प्रोपेलरच्या जोरावर हवेत उभे लटकू शकते.

चित्रफिती पाहून या छंदाकडे वळणारा विद्यार्थी बहुधा थेट चौथ्या प्रकाराकडे जातो. हा मार्ग खर्चिक ठरतो. ऐलेरॉन असलेल्या शिकाऊ विमानावर सफाईदार उतरणे जमेपर्यंत थांबावे आणि त्यानंतर १.१ ते १.२ मीटर पंखविस्ताराचे क्रीडा-कसरती विमान घ्यावे, असा क्रम अनुभवी उड्डाणप्रेमी सुचवतात. संगणकावरील सिम्युलेटरवर प्रत्यक्ष प्रेषक जोडून केलेल्या सरावाने पहिल्या अपघातांची संख्या पुष्कळ घटते. उलट्या उड्डाणात एलेव्हेटरची दिशा उलटी होते, ही गोष्ट बोटांना कळण्यासाठी तर सिम्युलेटरसारखे साधन नाही.

सामग्रीच्या बाबतीत ईपीपी हा लवचीक फोम पहिल्या कसरती विमानासाठी उत्तम. तो आपटल्यावर दबतो, तुटत नाही आणि तुटलाच तर जागेवर चिकटवता येतो. बाल्सा लाकडाची बांधणी अधिक ताठ असते, त्यामुळे विमान अचूक उडते. मात्र हे लाकूड मुख्यत्वे इक्वेडोरमधून येते, त्यामुळे ते महाग पडते आणि दुरुस्तीला वेळ लागतो. महाविद्यालयीन प्रकल्पांत वापरला जाणारा पोकळ प्लास्टिकचा नालीदार पत्रा स्वस्त व चिवट असला, तरी कसरतींसाठी जड असतो.

खरेदीपूर्वी पाहण्याची सर्वांत महत्त्वाची संख्या म्हणजे पंखभार, अर्थात पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर येणारे वजन. १.२ मीटर पंखविस्ताराच्या, २८ चौरस डेसिमीटर पंखाच्या आणि १.२ किलोग्रॅम वजनाच्या विमानाचा पंखभार सुमारे ४३ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर होतो. क्रीडा-कसरती विमानासाठी हे योग्य आहे. जाहिरातीतील वजन पुष्कळदा बॅटरीविना असते, याकडे लक्ष द्यावे.

विद्युत शक्तीचा हिशेब

शक्तीचा पहिला अंदाज वजनावरून करतात. शिकाऊ विमानाला उड्डाणवजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे १५० ते २०० वॅट पुरतात, क्रीडा-कसरतींसाठी २५० ते ३०० वॅट लागतात आणि थ्री-डी उड्डाणासाठी ४०० वॅट किंवा अधिक. येथे वॅट म्हणजे बॅटरीतून मोटरकडे जाणारी शक्ती. वरील १.२ किलोग्रॅमच्या विमानाला ३०० वॅट प्रति किलोग्रॅम या दराने ३६० वॅट हवेत. तीन सेलच्या लिपो बॅटरीचा व्होल्टेज पूर्ण भाराखाली साधारण १०.५ असतो, म्हणून प्रवाह सुमारे ३४ अँपिअर होईल. त्यासाठी ४५ ते ५० अँपिअरचा वेग नियंत्रक घ्यावा. उन्हाळ्यात बंदिस्त धडाच्या आत नियंत्रक तापतो आणि नेमका उभ्या चढाईत बंद पडू शकतो. ही वरकड क्षमता त्यासाठीच.

मात्र वॅटचा हा नियम सोयीचा तितकाच फसवा आहे. ३६० वॅट छोट्या, वेगवान प्रोपेलरमधून खर्च करता येतात, तसेच मोठ्या, संथ प्रोपेलरमधूनही. पहिल्यात वेग मिळतो, दुसऱ्यात ओढ. कसरती विमानाला दोन्ही हवे असतात. त्यामुळे खरी निवड प्रोपेलरपासून सुरू करून मागे मोटरकडे यावे. प्रोपेलरवरील दोन आकड्यांपैकी पहिला व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात त्याने तत्त्वतः पुढे सरकण्याचे अंतर होय. दोन्ही इंचांत असतात.

आपल्या उदाहरणात १२×६ प्रोपेलर मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांनी फिरवण्यास दांड्यावर साधारण २८५ वॅट लागतात. मोटर व नियंत्रकातील घट धरता हे ३६० वॅटशी जुळते. समुद्रसपाटीवर यातून स्थिर स्थितीत सुमारे १.८ किलोग्रॅम ओढ मिळते, म्हणजे वजनाच्या दीडपट. पिचचा वेग ताशी ७३ किलोमीटर येतो. विमानाचा पडण्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असल्याने हे प्रमाण अडीचपट होते आणि ते समाधानकारक आहे. दुपटीच्या खाली गेल्यास विमान लटकेल, पण मोठा लूप पूर्ण करताना दमेल.

मोटरचे केव्ही मूल्य म्हणजे भाराविना प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. वरील गरजेसाठी तीन सेलवर ९०० ते १,००० केव्हीची मोटर योग्य ठरते. अधिक केव्ही म्हणजे अधिक शक्ती, हा गैरसमज आहे. अधिक केव्हीच्या मोटरवर तोच प्रोपेलर लावल्यास प्रवाह झपाट्याने वाढतो आणि मोटर जळते. प्रोपेलर ओढून घेत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने, एक इंच मोठा प्रोपेलर हा किरकोळ बदल नसतो. प्रत्येक बदलानंतर वॅटमापकावर प्रवाह मोजणे आवश्यक आहे.

बॅटरीची क्षमता २,२०० मिलिअँपिअर-तास घेतल्यास ३४ अँपिअर हा प्रवाह तिच्या क्षमतेच्या साडेपंधरा पट, म्हणजे १५.५ सी होतो. आवरणावरील सी-मूल्ये बहुधा अतिशयोक्त असतात, म्हणून दुप्पट, म्हणजे ३० सी छापलेली बॅटरी निवडतात. पूर्ण थ्रॉटल क्वचितच लागत असल्यामुळे ८० टक्के क्षमता वापरून सहा ते सात मिनिटांचे उड्डाण होते. मोठी बॅटरी लावून वेळ वाढवण्याचा मोह टाळावा, कारण वाढलेले वजन प्रत्येक कसरतीत जाणवते.

ग्लो व पेट्रोल इंजिने

७.५ घनसेंटिमीटरचे (०.४६ घनइंच) दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन दीर्घकाळ क्लबांतील प्रमाण इंजिन होते. अडीच किलोग्रॅमच्या आसपासच्या कसरती विमानाला ते पुरते. त्याचे इंधन मिथेनॉल व वंगण यांचे मिश्रण असते, त्यात पुष्कळदा नायट्रोमिथेन मिसळतात. ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल हे नायट्रोविरहित मिश्रण एफएआय इंधन म्हणून ओळखले जाते. एरंडेल भारतात मुबलक असले, तरी मिथेनॉल विषारी असून त्याच्या खरेदी-विक्रीवर शासनाचे नियंत्रण आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे इंधन मिळवणे हीच मोठी अडचण असते. २० घनसेंटिमीटर व त्यापुढील विमानांना पेट्रोल इंजिने स्वस्त पडतात, कारण इंधन कोणत्याही पंपावर मिळते.

आवाज, तेलकट धूर आणि सुई जुळवण्याची कटकट यांमुळे नव्या उड्डाणप्रेमीने ग्लो इंजिनाने सुरुवात करण्याचे आज फारसे कारण उरलेले नाही. ज्यांना इंजिन ऐकून जुळवण्यातच रस आहे, त्यांची गोष्ट वेगळी.

पठारावरील हवा: सांगली आणि सातारा

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, सातारा सुमारे ७४० मीटर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीवर हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. सांगलीत एप्रिलच्या दुपारी ४० अंश सेल्सिअस तापमानाला ती सुमारे १.०६, म्हणजे ८६ टक्के भरते. साताऱ्यात ३८ अंशांना ती ८५ टक्क्यांच्या आसपास, तर पाचगणीच्या उंचीवर ३० अंशांनाच ८१ टक्क्यांच्या आसपास येते. उलट डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना सांगलीतील घनता ९४ टक्के असते. एकाच मैदानावर तेच विमान डिसेंबरात चपळ आणि एप्रिलमध्ये मरगळलेले वाटण्याचे कारण हेच.

त्याच फेऱ्यांवर प्रोपेलरची ओढ घनतेच्या प्रमाणात घटते. वरच्या उदाहरणातील १.८ किलोग्रॅमची ओढ एप्रिलच्या सांगलीत सुमारे १.५५ किलोग्रॅमवर येते. विरळ हवेत प्रोपेलरवरील भार कमी होऊन फेरे थोडे वाढतात, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून काहीशी सौम्य असते. पडण्याचा वेग मात्र सुमारे ८ टक्के वाढून ताशी ३० किलोमीटरवर जातो आणि उतरताना धावपट्टी अधिक लागते.

या बाबतीत विद्युत मोटर इंजिनापेक्षा सरस ठरते. मोटरला ज्वलनासाठी हवा लागत नाही, त्यामुळे तिची स्वतःची शक्ती उंचीमुळे घटत नाही. प्रवाह कमी झाल्याचे मापकावर दिसल्यास एक पायरी मोठा प्रोपेलर लावून बरीचशी तूट भरून काढता येते. ग्लो इंजिनाची शक्तीच हवेबरोबर कमी होते. शिवाय मिश्रण गडद होत असल्यामुळे मुख्य सुई थोडी आत घ्यावी लागते आणि उन्हात ती अधिक आत घेतल्यास इंजिन तापून अडकते.

वाऱ्याचाही विचार निवडीत करावा लागतो. साताऱ्याजवळील वनकुसवडे आणि कवठे महांकाळ तालुक्यातील ढालगाव येथे पवनचक्क्यांचे मोठे समूह उभे आहेत, यावरून या पठारांवरील वाऱ्याची कल्पना येते. पावसाळ्यात तेथे हलके थ्री-डी विमान निरुपयोगी ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत शांत असतात. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांतील माळराने उड्डाणाला मोकळी मिळतात. कृष्णाकाठी मात्र चहूकडे ऊस असतो.

उसात पडलेले विमान दहा पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून विमानात शिट्टी वाजवणारे शोधयंत्र बसवतात आणि पंखाची खालची बाजू भडक, वरच्यापेक्षा वेगळ्या रंगाची ठेवतात. विमान पडताच जागचे न हलता ते कोणत्या झाडाच्या किंवा विजेच्या खांबाच्या रेषेत गेले हे पाहून ठेवावे. दूर उभ्या असलेल्या सोबत्यानेही तसेच केल्यास दोन रेषा जेथे छेदतात तेथे विमान बहुधा सापडते. शेतात शिरण्यापूर्वी शेतमालकाला विचारणे हा शिष्टाचार आहेच, पुढच्या वेळी ते मैदान मिळण्याची हमीही तीच.

रेडिओ, जुळवणी आणि सुरक्षितता

आजचे संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवान्यातून सूट आहे. कसरतींसाठी किमान सहा वाहिन्यांचा प्रेषक घ्यावा. पहिल्या उड्डाणासाठी पृष्ठभागांची हालचाल कमी ठेवणे आणि काठीच्या मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करणे या दोन्ही सोयी त्यात असाव्यात. संपर्क तुटल्यास थ्रॉटल शून्यावर येईल अशी जुळवणी करून ती जमिनीवर तपासावी. मोटर दोन-तीन अंश उजवीकडे वळवून बसवलेली दिसते. ते बांधणीतील वैगुण्य नसून प्रोपेलरच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढले जाऊ नये यासाठी केलेली योजना आहे.

घरात जुळवणी करताना प्रोपेलर काढून ठेवावा. १२ इंची प्रोपेलर बोट तोडू शकतो. लिपो बॅटरी प्रति सेल ४.२ व्होल्टच्या वर भारित करू नये आणि वापर नसताना सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. भारित करताना बॅटरी विटांवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावी आणि तिच्यावर लक्ष असावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती सोडू नये. बहुतेक चार्जर १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे माळरानावर मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून भारण करता येते. २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअर प्रवाह देणे सुरक्षित होय.

कायदेशीर स्थिती

ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. २५ किलोग्रॅमपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी वापरले जाणारे आणि वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यात उडणारे दूरनियंत्रित विमान तिच्यात येते. अशा विमानाला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. २ किलोग्रॅमपर्यंतच्या विमानाच्या बिगर-व्यावसायिक उड्डाणासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्रही लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगीखेरीज उडवता येत नाही. त्यामुळे कराडच्या धावपट्टीच्या परिसरात किंवा कोल्हापूर विमानतळाकडील बाजूस मैदान निवडण्यापूर्वी डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशा पाहणे आवश्यक ठरते. सांगलीजवळ कवलापूर येथे जुनी धावपट्टी आहे. तिचा विमानतळ म्हणून वापर होत नसला, तरी ती सार्वजनिक मैदान नव्हे आणि तेथे उड्डाणासाठी जागेच्या ताबेदाराची संमती घ्यावी लागते.